मीताचं सुतक

त्या गुरुवारी श्रीकांत कामावर गेला. दुपारी त्याच्या विभागातून फोन आला. मी बसने दवाखान्यात पोचले. डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. तो गेला होता.

मी सांगलीला भावाला फोन केला, ड्रेस्डेनला मुलाला केला आणि घरी आले. दारात त्याच्या चपला होत्या.

याला आता वर्ष होऊन गेलं. सांगलीहून, पुण्याहून फोन येतात आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तोच प्रश्न असतो, आता तिथे एकटी कशाला राहतेस. फोनवर मला उत्तर देता येत नाही. लिहून कदाचित देता येईल, म्हणून सावकाश लिहिते आहे. मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे आहे, आणि आमच्यासारखं निघून आलेल्या कुणी वाचलं तर त्यांच्यासाठीही.

आम्ही निघालो तेव्हा आमचा नील नऊ वर्षांचा होता. निघण्याचा दिवस म्हटलं की मला विमानतळ आठवत नाही, सांगलीचं एसटी स्टँड आठवतं. बाबा मुंबईपर्यंत आले नाहीत. मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस, निरोप त्यांना लहान आवडायचे. गाडी सुटायच्या आधी खिडकीपाशी येऊन ते श्रीकांतला म्हणाले, "तिकडे आपली माणसं धरून राहा." श्रीकांतने हो म्हटलं. आईने मेतकुटाची पिशवी आत दिली आणि हात मागे घ्यायला विसरली. गाडी हलली तेव्हा बाबांनीच तिचा हात धरून तिला मागे घेतलं. आज ते दोघंही नाहीत.

जर्मनीतल्या या र्युसेल्सहाइममध्ये आपली माणसं शोधावी लागली नाहीत. श्रीकांतच्याच कारखान्यात पुण्याची, नाशिकची, कोल्हापूरची मंडळी होती. फ्रँकफर्टला सॉफ्टवेअरवाले होते. मंडळ होतं, गणपती बसत होता. मंडळातली मेधा पहिल्याच आठवड्यात आली आणि तिने मला कचऱ्याचे चार डबे, शाळेचा बसपास आणि दही कुठल्या दुकानातलं चांगलं लागतं, एवढं सगळं एका दुपारी समजावून दिलं. कागदपत्रांसाठी कंपनीने एक बाई नेमून दिली होती. आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी माणसांचे परवाने देणारं कार्यालय, तिथे तिने आम्हाला वेळ ठरवून बाजूच्या दाराने नेलं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या परवान्यावर, आलेल्यांचं काम तसंच व्हायचं. समोरच्या दाराशी रांग होती. थंडी होती आणि रांगेतली माणसं पाय आपटत उभी होती. पुढे कित्येक वर्षांनी खिमलालकडून मला त्या रांगेची हकीगत कळली. तो उजाडायच्या आधी जाऊन उभा राहायचा.

खिमलाल नेपाळचा, बागलुंगच्या बाजूचा. ताजमहालाचं चित्र लावलेल्या एका भारतीय हॉटेलात तो आचारी होता. मालक पंजाबी, पदार्थ आपले, आणि आत शिजवणारे सगळे नेपाळी. ते हॉटेलच्याच माळ्यावर एका खोलीत राहत. आमच्या मंडळाचं जेवण त्याच हॉटेलातून यायचं. कार्यक्रम शनिवारी असत आणि शनिवार हा हॉटेलवाल्यांचा सगळ्यात घाईचा दिवस, त्यामुळे त्या माणसांना आम्ही कधी बसलेलं पाहिलं नाही. भांड्यांच्या मागे उभे असायचे. मंडळी त्याला बहादूर म्हणत. नाव कुणी विचारलं नव्हतं. श्रीकांतने विचारलं.

इथल्या जर्मन माणसाला आम्ही सगळे एकच दिसतो. कारखान्यातला कोरियन इंजिनिअर, स्टेशनजवळ भाजीचं दुकान चालवणारी व्हिएतनामी बाई, मी, खिमलाल, सगळे आशियाई. पण त्या व्हिएतनामी बाईची मुलगी दातांची डॉक्टर झाली आहे. कोरियन मुलांची शनिवारची स्वतःची शाळा आहे. आमच्या मंडळात घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं यावर जेवणं थंड होतात. आणि नेपाळी मुलं सायकलवर लोकांचं जेवण पोचवतात, मुली वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम शिकतात, पुरुष आमच्या नावाच्या हॉटेलात आमचं जेवण रांधतात. नोकरी सुटली तर आमचं कार्ड आम्हाला दुसरी शोधायला अवधी देतं, आणि ती सहज मिळते. खिमलालच्या परवान्यावर भारतीय आणि नेपाळी पदार्थांचा खास आचारी असं लिहिलेलं होतं. मुदत ठरलेली होती. त्या मुदतीत काही वेगळं जमलं नाही तर परत जायचं. मधल्या काळात बायकोला, पार्वतीला, आणि मुलीला, अस्मिताला, इकडे आणायचं, पार्वतीने वृद्धाश्रमातलं काम शिकायचं आणि मग तिच्या नोकरीवर सगळ्यांनी इथे राहायचं, असा त्याचा विचार होता. त्या दोघींच्या व्हिसासाठी वकिलातीतली तारीख मिळायला दोन वर्षं गेली. ती वसंतातली मिळाली होती. श्रीकांत गेल्यावर लगेच जो वसंत आला, त्यातली.

सोमवारी हॉटेल बंद असायचं. श्रीकांत सोमवारी कामावरून लवकर यायचा आणि खिमलाल आमच्याकडे यायचा. आधी सरकारी जर्मन वाचून घ्यायला, मग नुसताच. दोघं बुद्धिबळ मांडायचे आणि दोघांनाही ते नीट येत नव्हतं.

एका सोमवारी खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंनी खिमलालला जिन्यात अडवलं आणि कागदाच्या डब्यात प्लास्टिक टाकल्याबद्दल भरपूर बोलून घेतलं. प्लास्टिक श्रीकांतने टाकलं होतं. बाई आठ वर्षं श्रीकांतला रोज पाहत होत्या, तरी त्यांना दोघांतला फरक कळला नाही. खिमलालने मान खाली घालून माफी मागितली, खाली जाऊन आख्खा डबा निवडला आणि मग वर आला. त्याच्याकडून हे ऐकल्यावर श्रीकांत पोट धरून हसला. खिमलाल हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "आमच्या गावात दोन माणसं सारखी दिसली की त्यांनी मीत लावायचं असतं."

मीत म्हणजे मानलेला भाऊ, पण आपल्याकडच्या मानलेल्या भावासारखं ते बोलण्यापुरतं नसतं. विधी असतो. आमच्या बैठकीच्या खोलीत दोघांनी एकमेकांना टिळा लावला आणि टोप्या बदलल्या. खिमलालची रंगीत ढाका टोपी श्रीकांतकडे आली, श्रीकांतची कामावर जातानाची लोकरीची टोपी खिमलालकडे गेली. त्या दिवसापासून एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, मीतज्यू म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. मी मीतिनीज्यू झाले. मी खिमलालना भावजी म्हणायला लागले, म्हणून इथून पुढे लिहितानाही मला त्यांना ‘तो’ म्हणवत नाही.

मंडळात याची चेष्टा झाली. मेधाचा नवरा सुहास म्हणाला, "श्रीकांत, बॉसला पहिल्या नावाने हाक मारतोस आणि आचाऱ्याला अहो?" श्रीकांत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. बॉस आमटी करत नाही." भावजींना आमटी त्यानेच शिकवली होती. पुढे मंडळाच्या जेवणात ती आमटी येऊ लागली आणि सगळ्यांना आवडू लागली.

श्रीकांत गेल्यानंतर घर माणसांनी भरून गेलं. मेधा रोज डबा आणत होती. नील आला. तो सगळं मराठी समजतो आणि उत्तर जर्मनमध्ये देतो, पण त्या दिवसांत तो बोललाच नाही. अस्थी सांगलीला न्यायच्या की इथे ठेवायच्या हे ठरवायचं होतं. इथे अस्थी घरात ठेवता येत नाहीत, देशाबाहेर न्यायला वेगळे कागद करावे लागतात. कृष्णेत सोडू, असं भाऊ म्हणत होता. नीलने एकच वाक्य म्हटलं, बाबा इथे असले तर मला त्यांच्याकडे जाता येईल. मग इथल्या दफनभूमीत जागा घेतली. तीही ठरावीक वर्षांसाठी मिळते, पुढे वाढवून घ्यावी लागते.

पहिल्या सोमवारी भावजी आले. पांढरा शर्ट, खाली मान. घरात बायका बसलेल्या होत्या. ते दाराजवळ जमिनीवरच बसले, चहा घेतला नाही, कुणाला स्पर्श होणार नाही असे भिंतीच्या कडेने गेले. संकोच असेल असं मला वाटलं.

त्याच आठवड्याच्या शनिवारी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. ब्युर्गरहाउसचा, म्हणजे नगरभवनाचा, हॉल आधीच ठरलेला होता, तो रद्द करू नका असं मीच मेधाला सांगितलं होतं. रविवारी ती आली आणि तिने सगळं सांगितलं. श्रीकांतचा फोटो ठेवला होता. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. सुहास बोलायला पुढे गेला आणि तसाच परत आला. ती रडली, मीही रडले. मग नाक पुसत ती म्हणाली की जेवणाचा मात्र विचका झाला. मसालेभात अळणी, उसळ अळणी, आमटी तर नुसतं आंबट-गोड पाणी. सुहास म्हणाला, बहादूरने आज सगळ्यांचं बीपी सांभाळलं. लोक हसले, पण पाहुणे होते, कुणाच्या सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यामुळे दोघातिघांनी मालकाला फोन करून चांगलं सुनावलं. यापुढे दुसऱ्या हॉटेलातून जेवण घ्यायचं असंही ठरलं. मला ते ऐकू येत होतं, पण माझं मन हॉलमध्ये ठेवलेल्या त्या फोटोपाशी होतं.

सोमवारी भावजी आले तेव्हा मी आणि नील दोघंच होतो. नील दुकानात गेला. मी चहा केला, मेधाने दिलेला चिवडा वाटीत घालून पुढे ठेवला. त्यांनी वाटी हळूच बाजूला सरकवली.

"थोडं तरी खा."

"नुन बारेको, मीतिनीज्यू."

मला कळलं नाही. मग त्यांनी आमच्या त्या नेहमीच्या भाषेत, अर्ध्या हिंदीत, समजावलं. मीत गेला की त्यांच्या गावात सख्ख्या भावासारखं पाळतात. तेराव्यापर्यंत मीठ नाही. एकवेळ जेवायचं, तेही स्वतःच्या हातचं. कुणाला शिवायचं नाही.

मी वाटीकडे पाहत राहिले. मिठाला न शिवणारा माणूस रोज हॉटेलात स्वयंपाक करत होता. चव बघायची नाही, म्हणून हाताच्या अंदाजाने मीठ टाकत होता, आणि जास्त पडेल या भीतीने कमी टाकत होता. इतर दिवशी जोडीचा आचारी चव बघायचा. शनिवारी तो हॉटेल सांभाळायला थांबला आणि मंडळाचं सगळं जेवण भावजींनी एकट्याने मागच्या स्वयंपाकघरात केलं.

"सुट्टी का नाही मागितली?"

"मागितली असती. कोण गेलं म्हणून विचारलं असतं. भाऊ म्हटलं असतं तर कागद मागितला असता. मीत म्हटलं असतं तर हसले असते."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते. मालकाने त्यांना महिनाअखेरीला काम सोडायला सांगितलं होतं. त्या नोकरीवर परवाना होता, परवान्यावर वकिलातीतली तारीख. पार्वतीने गावात शिवणाचं यंत्र विकून टाकलं होतं. दहावीतली अस्मिता जर्मन आकडे पाठ करत होती.

मला एकदम जोर आला. गुरुवारपासून पहिल्यांदाच काही करता येण्यासारखं समोर होतं. मी आतल्या खोलीत गेले आणि मेधाला फोन लावला. मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही ज्याच्यासाठी उभे राहिलात त्याच्यासाठीच ते जेवण अळणी होतं, हे सगळ्यांना सांगू या, मालकाला पुन्हा फोन करू या, लोकांनी तक्रार मागे घेतली तर तो ऐकेल.

मेधा म्हणाली, "म्हणजे तो सुतकात होता?"

"हो."

"आणि सुतकात सगळ्यांचा स्वयंपाक केला? सणाचा?"

मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"मला काही वाटत नाही गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरा होता. "पण त्या सासूबाई, कुलकर्णी काकू, त्यांना कळलं तर... मीठ विसरला म्हणून लोक महिन्याभरात विसरतील. हे नाही विसरणार. आल्झो, तर मी कुणाला सांगत नाही. तूही सांगू नकोस. त्याच्याच भल्यासाठी म्हणते."

तिने कुणाला सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. तिचं म्हणणंही चूक नव्हतं. ज्या कारणाने त्यांचा अपराध धुऊन निघाला असता, तेच कारण सांगितलं तर अपराध मोठा होणार होता.

मी बाहेर आले तेव्हा भावजींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अळणी जेवणाला माफी मिळते. हे कळलं तर माझ्या हातचं कोण खाईल?"

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेले. कारण न सांगता विनंती केली. मालक उठून उभे राहिले, माझं सांत्वन केलं, श्रीकांतबद्दल चांगलं बोलले. ते स्वतः कधीकाळी भांडी घासायला म्हणून आले होते. म्हणाले, "बहनजी, मैंने दो बार पूछा, चखता क्यों नहीं. चुप रहा. रसोई में ऐसे नहीं चलता." त्यांनाही मी दोष देऊ शकले नाही. एका वाक्यात त्यांना सगळं कळलं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

पुढचे काही महिने आम्ही दुसरं हॉटेल शोधत होतो. नीलने अर्ज लिहून दिले. मेधानेही ओळखीत विचारलं. व्हिएतनामी बाईंच्या भावाचं हॉटेल होतं, त्याला माणूस हवा होता, पण परवान्यावर भारतीय आणि नेपाळी पदार्थ लिहिलेले, आणि तिथे शिजत होते व्हिएतनामी. उरलेली मुदत इतकी थोडी होती की नव्या मालकाला ती खटपट परवडत नव्हती. वकिलातीतली तारीख येऊन गेली. मुलीचे आकडे शंभरापर्यंत पाठ झाले होते, असं भावजींनी एकदा सांगितलं.

भावजी नेपाळला परत गेले तो सोमवार होता. विमानतळावर जाण्याआधी आम्ही दफनभूमीत गेलो. दगडावर श्रीकांतचं नाव होतं. भावजींनी लोकरीची टोपी काढली, हात जोडले, पुन्हा घातली. फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "मीतिनीज्यू, आमटीत गूळ शेवटी घाला. मीतज्यूंना तशी लागायची." मला ते माहीत होतं. सांगलीच्या स्टँडवर आईचा हात खिडकीत राहिला होता, तसं माझं काहीतरी त्या काचेच्या दारात राहिलं.

घरी ते फार दिवस राहिले नाहीत. आता दोहाला कामगारांच्या एका कँपच्या स्वयंपाकघरात आहेत. पार्वती गावात, ते तिकडे. अस्मिता कॉलेजात गेली.

तुम्ही मला परत बोलावता. सांगलीत घर आहे, भाऊ आहे, वहिनी प्रेमाने सगळं करेल, हे मला माहीत आहे. इथे मला तीन खोल्या आहेत, शहराच्या ग्रंथालयात थोडं काम आहे, राहायचा कायमचा परवाना आहे. दोन महिन्यांतून एकदा नील येतो आणि माझ्याशी जर्मनमध्ये बोलतो. बाबांनी आपली माणसं धरून राहायला सांगितलं होतं. आपलं कोण, हे आपल्याकडे ठरवायची एक पद्धत आहे: ज्याचं सुतक आपल्याला येतं तो आपला. श्रीकांतचं सुतक या देशात मी धरलं, नीलने धरलं आणि खिमलालभावजींनी धरलं. त्यापायी त्यांची नोकरी गेली, बायकोमुलीचं येणं राहिलं, आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मंडळातल्या सगळ्यांनी मला सांभाळलं. मेधा आजही येते. मी तिच्याकडे जेवते. पण ज्या गावात श्रीकांतसाठी कुणीतरी मीठ सोडलं ते गाव सोडून मला कुठे जावंसं वाटत नाही. घर म्हणून मला आता एवढंच सांगता येतं.

ढाका टोपी कपाटात आहे. श्रीकांत इथल्या दफनभूमीत आहे. दोहात सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून भावजींचा फोन शुक्रवारी येतो. सोमवारी मी दफनभूमीत जाते.